टस्कीगीची माती

‘पीनट बटरचा शोध कार्व्हरनं लावलाच नव्हता,’ अटलांटात जेवताना कुणीतरी सहज म्हणालं. ते खरंच आहे. पण शाळकरी वयात वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ हे चरित्र वाचलेल्या माणसाला तेवढ्यावर गप्प बसवत नाही. हा कृषिशास्त्रज्ञ जिथल्या शाळेत शिकवायचा ते अलाबामातलं टस्कीगी गाडीनं दोन-अडीच तासांवर. निघालोच.

हमरस्त्यालगतच्या मोटेलात रात्रभर एसी खडखडत होता आणि नाश्त्याला गारढोण पाव. चिडूनच बाहेर पडलो. शाळेच्या विद्यार्थ्यांनी स्वतः भाजलेल्या विटांच्या इमारती, संस्थापक बुकर टी. वॉशिंग्टन यांचं घर, त्यांचा पुतळा, सगळं भराभर मागं टाकलं.

कार्व्हर संग्रहालय आहे शाळेच्या जुन्या धुलाईघरात. 1947च्या आगीत कार्व्हरांनी काढलेली बहुतेक चित्रं गेली. गुलामीत जन्मलेला हा माणूस 1896मध्ये इथं आला तेव्हा प्रयोगशाळा नव्हतीच. टाकाऊ बाटल्या-डबे गोळा करून त्यांनी ती उभी केली.

लिंडा मॅकमरी यांचं कार्व्हरचरित्रही गवाणकरांच्या पुस्तकासारखंच 1981चं. भुईमुगाचे बरेच पदार्थ आधीच माहीत होते, अनेक पदार्थांच्या कृती कार्व्हरांनी लिहून ठेवल्या नाहीत, बाजारात फारसं काही टिकलं नाही, असं त्या सांगतात. मान्य. पण त्यावरून कार्व्हरांची शास्त्रज्ञ म्हणून उंची मापणं मला पटत नाही. शेतकऱ्यांसाठी काढलेल्या त्यांच्या 1916च्या पत्रिकेत भुईमुगाच्या 105 पाककृती आहेत आणि त्या ज्यांच्याकडून घेतल्या त्यांचे आभार कार्व्हरांनी आरंभीच मानलेत. त्या पत्रिकेतून त्यांना शोधाचं श्रेय नको होतं. भुईमूग पिकवणाऱ्याच्या घरी तो रोज खाल्ला जायला हवा होता.

वर्षानुवर्षं कापूस घेऊन इथली जमीन निकस झालेली. बटाईनं कसणारा काळा शेतकरी सावकाराच्या कर्जात. खत विकत कुठून आणणार? कार्व्हर सांगत: रानातला पालापाचोळा कुजवा, दलदलीतला गाळ शेतात टाका, कापसाशी आलटून-पालटून चवळी-भुईमूग घ्या, नत्र हवेतून फुकट मिळतं. 1906मध्ये तर खेचरं जोडलेली ‘जेसप वॅगन’ अवजारं, बियाणं घेऊन थेट बांधावर जाऊ लागली. शाळेपर्यंत येणं ज्याला परवडत नाही, त्याच्या शेतात शाळा!

भुईमुगाच्या त्या पत्रिकेसारख्या एकूण 44 पत्रिका कार्व्हरांनी काढल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या टस्कीगीच्या काळ्या वैमानिकांचं मोटन फील्ड पाहायचं ठरलं होतं, ते राहिलं. दुपारभर मी संग्रहालयातच होतो, आणि मॅकमरींशी माझा वाद अजून मिटलेला नाही.