पोपकडे थकलेले कर्ज

चर्चने कोणे एके काळी काढलेले कर्ज, त्याचा हरवलेला दस्तऐवज आणि तो हाती लागताच व्हॅटिकनमध्ये उडणारी धांदल, अशा कथानकाच्या रहस्यकादंबऱ्या मी आवडीने वाचतो. नायक तळघरे पालथी घालतो, मारेकऱ्यांना चुकवतो आणि अखेरीस तो कागद मिळवतो. तेथे पोहोचल्यावर मला दर वेळी एकच शंका छळते. कागद सापडला खरा, पण तो दाखवायचा कोणत्या न्यायालयात? पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यापुढे ही शंका प्रत्यक्षात उभी राहिली होती. आजचा धागा तिच्याविषयी.

जोव्हान्नी दि बिच्ची दे मेदिची याने १३९७ मध्ये फ्लॉरेन्सला आपली पेढी उभारली. तिच्या १३९७ ते १४५० या काळातील तीन गुप्त खातेवह्या १९५० मध्ये तेथील अभिलेखागारात रेमंड द रूव्हर आणि त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स या अभ्यासक दांपत्याला सापडल्या. पहिल्या दोन दशकांतील नफ्यापैकी निम्म्याहून अधिक वाटा रोमच्या शाखेचा होता, हे त्या वह्यांतून उलगडले. कारण उघड आहे. युरोपभरातून चर्चला येणारा पैसा सोन्याच्या रूपात आल्प्स ओलांडून आणणे धोक्याचे होते. त्यासाठी हुंडी लागे, आणि हुंडी लिहिणारा विश्वासू सराफ लागे. या लाभदायक कामाचे मोल म्हणून सराफाने पोपची नड भागवायची, असा अलिखित करार होता.

यात एक विचित्र पेच होता. कर्जावर व्याज घेणे हे चर्चच्या लेखी पाप. म्हणून सराफ आपला नफा दोन शहरांतील चलनांच्या विनिमयदरात लपवीत. पण मनाला कोण फसवणार? सावकाराच्या खात्यात पोपचे देणे, तर पोपच्या हाती सावकाराच्या आत्म्याची किल्ली. ऋणकोच धनकोला पापमुक्त करणार, असा व्यवहार अन्यत्र क्वचितच आढळेल.

बाल्दासारे कोस्सा हा मेदिचींचा जुना ग्राहक. तो १४१० मध्ये तेविसावा जॉन या नावाने पोप झाला. त्या वेळी पोपपदावर एकाच वेळी तिघे जण हक्क सांगत होते. हा घोळ मिटविण्यासाठी कॉन्स्टन्स येथे भरलेल्या धर्मपरिषदेने १४१५ मध्ये कोस्साला पदच्युत केले आणि तो जर्मनीत कैदेत पडला. पदावरून गेलेल्या ग्राहकाला सराफ सहसा ओळख दाखवीत नाही. येथे मात्र सुमारे ३८ हजार सुवर्णनाण्यांची खंडणी मेदिचींच्या पेढीमार्फत भरली गेली आणि १४१९ मध्ये कोस्सा फ्लॉरेन्सला परतला. ही निष्ठा होती की पुढच्या पोपांना दिलेली जाहिरात? मला वाटते, दोन्ही.

याच कोस्साने आपले रत्नजडित शिरोभूषण, ज्याला मायटर म्हणतात ते, जोव्हान्नीकडे तारण ठेवले होते. नवा पोप पाचवा मार्टिन याने ते परत मागितले आणि न दिल्यास धर्मबहिष्कृत करण्याची धमकी दिली. जोव्हान्नीने ते परत केले. तारण हाती असूनही सावकार हतबल! (कोस्साची डोनातेल्लो आणि मिकेलोत्सो यांनी घडविलेली समाधी फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहात आजही आहे. तिच्यावर ‘एके काळचा पोप’ असे कोरल्यामुळे मार्टिन चिडला होता म्हणतात.)

जोव्हान्नीचा मुलगा कोसिमो याला आपल्या संपत्तीची टोचणी लागली. पोप चौथ्या युजिनने त्याला सुचविले की, सान मार्कोच्या मठावर १० हजार फ्लोरिन खर्च कर. कोसिमोने त्याहून कितीतरी अधिक खर्च केला. फ्रा आंजेलिकोची शांत भित्तिचित्रे त्याच मठात आहेत. त्यांची छायाचित्रे पाहताना मला ती एखाद्या पावतीसारखी भासतात. पोपांनी आपली देणी रेंगाळत ठेवली असतील, आत्म्याचे देणे मात्र रोखीने वसूल झाले.

कोसिमोचा नातू लोरेन्झो याच्या काळात हा पेच रक्तरंजित झाला. पोप चौथ्या सिक्स्टसला आपल्या भाच्यासाठी इमोला हे नगर विकत घ्यायचे होते. लोरेन्झोने कर्ज देण्याचे टाळले, तेव्हा प्रतिस्पर्धी पाझ्झी घराणे पुढे सरसावले. पोपच्या खजिन्याचे काम मेदिचींकडून गेले. पाठोपाठ तोल्फाच्या तुरटीचा ठेकाही गेला. कापड रंगविणाऱ्या युरोपात तुरटीला सोन्याचे मोल होते. २६ एप्रिल १४७८ रोजी, फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चमध्ये मिस्सा चालू असताना मारेकऱ्यांनी लोरेन्झोचा भाऊ जुलियानो याला ठार केले. लोरेन्झो जखमी होऊन निसटला. कटात सामील असलेला पिसाचा आर्चबिशप साल्व्हियाती याला संतप्त फ्लॉरेन्सने सरकारी राजवाड्याच्या खिडकीतून फासावर लटकविले.

आर्चबिशपला फाशी दिली म्हणून सिक्स्टसने लोरेन्झोला धर्मबहिष्कृत केले, रोममधील मेदिचींची मालमत्ता जप्त केली आणि पेढीचे देणेच नाकारले. कादंबरीकाराला येथे हरवलेला कागद लागतो. लोरेन्झोचा कागद हरवलेला नव्हता, आकडाही कोणापासून लपलेला नव्हता. पण दावा ऐकणारा सर्वोच्च न्यायाधीश हाच प्रतिवादी होता. १४८० मध्ये समेट झाला, तरी आधीच पोखरलेली पेढी पूर्ववत झाली नाही. मेदिचींना फ्लॉरेन्समधून हाकलले गेले, तेव्हा १४९४ मध्ये तिचे दिवे मालवले.

लोरेन्झोला मात्र वसुलीचा दुसरा मार्ग दिसला होता. त्याने आपली मुलगी पुढचा पोप आठवा इनोसंट याच्या मुलाला दिली. (होय, पोपच्या मुलाला.) लोरेन्झोचा मुलगा जोव्हान्नी १४८९ मध्ये, वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी, कार्डिनल नेमला गेला. तोच १५१३ मध्ये दहावा लिओ म्हणून पोप झाला. सावकाराचा पोर ऋणकोच्या गादीवर बसला आणि त्याने हात सैल सोडून खर्च आरंभला. डिसेंबर १५२१ मध्ये तो अकस्मात वारला, तेव्हा खजिना रिता होता आणि पैसा पुरविणारे सराफ डोक्याला हात लावून बसले होते. त्यांतले कित्येक फ्लॉरेन्सचेच होते.