केस पिकतात, केस रंगतात

मराठीत केस पांढरे होतात, त्याहून अधिक ते पिकतात. आंबा पिकतो, शेत पिकते, तसेच केसही पिकतात. आणि पिकायला कर्ता लागत नाही. मेंदीचेही तसेच. मेंदी चढते, केस रंगतात, पुढे रंग उतरतो. सगळी क्रियापदे अकर्मक. 'केस रंगवले' असे म्हटले, की मात्र ते कुणीतरी जाणूनबुजून केले, असे होते. अकर्मक आणि प्रयोजक यांतला हा भेद मी इतकी वर्षे फळ्यावर उदाहरणे लिहून शिकवत आलो. तो माझ्याच घरात काय करीत होता, हे कळायला एक बीट खर्ची पडले.

बारावीची परीक्षा संपली तेव्हा माझ्या मुलीने केसांची एक बट गुलाबी करायचे ठरवले. बाजारातले रसायन नको, निकालापर्यंत टिकले तरी पुरे, एवढीच तिची अट होती. बजाजनगरमधल्या आमच्या घराच्या ओट्यावर तिने बीट किसले, फडक्यातून रस पिळला, त्यात लिंबाचे चार थेंब आणि थोडे कंडिशनर घातले. बट माखून, डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून ती तासभर बसली. धुतल्यावर उन्हात अगदी डोळ्यांजवळ धरली, तरच बटेवर लालसर झाक दिसत होती. टॉवेल मात्र सुरेख गुलाबी झाला होता. हळदीने दुसऱ्या दिवशी उशीचा अभ्रा पिवळा झाला. केस काळे ते काळेच.

यात तिची चूक नव्हती. आपल्या केसांत मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य भरपूर असते. त्यावर बीट, हळद किंवा जास्वंद लावणे म्हणजे काळ्या पाटीवर पेन्सिलीने लिहिणे. ठळक रंग हवा असेल तर आधी केसांतला काळा रंग रसायनाने काढून टाकावा लागतो. पिकलेल्या केसांत तो मुळातच उरलेला नसतो. म्हणजे काळ्या केसांच्या आपल्या मुलखात, केसांना इजा न करता भडक रंग खेळण्याची सोय निसर्गाने तरुणांना दिलेली नाही. ती म्हाताऱ्यांना दिली आहे.

मुलीने हे पुस्तकातून नव्हे, गुंतवळातून शोधले. आजीच्या फणीत अडकलेले पांढरे केस तिने उरलेल्या रसात बुडवले आणि अर्ध्या तासाने ओरडत बाहेर आली. गुंतवळ जांभळट गुलाबी झाले होते.

"आजी, तुझे केस बघ कसा रंग घेतायत!"

आई हसली. गुंतवळ तिने बोटाला गुंडाळून उजेडात धरले, बराच वेळ पाहिले, आणि म्हणाली, "माझं काय आता त्याच्याशी."

तिच्या 'आता' या शब्दाशी मी अडखळलो. 'आता' म्हटले की 'पूर्वी' आलेच. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. आसपासच्या जिल्ह्यांतून माणसे कामाला आली आणि शेजारच्या कामगार वसाहतीला कारखान्याचेच नाव मिळाले. माझे वडील अशाच एका कारखान्यात फिटर म्हणून आले, तेव्हा मी शाळकरी होतो. नव्या घराच्या अंगणात आईने पहिले झुडूप लावले ते मेंदीचे. महिन्यातून एका रविवारी ती पाला पाट्यावर वाटायची, लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवायची आणि सकाळी केसांना थापायची. चाळिशीतच तिचे केस पिकायला लागले होते. रविवारी दुपारी ती उन्हात केस वाळवत बसली, की ते तांब्याच्या तारेसारखे चमकायचे. वडील पेपरमागून म्हणायचे, "रंगली बरं का." आई म्हणायची, "उष्णतेला लावते मी. डोकं थंड राहतं."

भाषाविज्ञानात याला सौम्योक्ती म्हणतात. रंगाला औषध म्हटले, की हौस नजरेआड करता येते.

वडील २००९ साली गेले. त्यानंतर आईने मेंदी लावली नाही, ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. आईचे केस पांढरे झाले होते आणि म्हाताऱ्या बाईचे केस पांढरे असायचेच. उष्णता तर तेव्हाही होती! मी तिला विचारले, कुणी बोलले होते का? "कुणी नाही बोललं. बोलायच्या आधीच थांबले मी. वर्ष झालं नाही अन् हिला नटायचं सुचतंय, असं कशाला ऐकून घ्यावं?"

विधवेच्या केसांवर महाराष्ट्रात मोठा लढा झालेला आहे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी एकत्र येऊन विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. या प्रथांना निदान हात होते. वस्तरा कुणाच्या तरी हातात होता, बांगडी कुणीतरी फोडत होते. आईची मेंदी कुणीच काढून घेतली नाही. ती नुसती उतरली.

याच काळात मी काय करत होतो, तेही सांगायला हवे. मी दर महिन्याला कलप लावत होतो. वर्गात उभे राहायचे तर नीटनेटके दिसावे, इतके कारण मला पुरेसे होते आणि ते मला कुणी विचारलेही नाही. पुढे कपाळावर पुरळ उठून पापण्या सुजल्या, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले, की काळ्या कलपात पॅराफिनिलीनडायअमीन असते आणि ते अनेकांना सोसत नाही. 'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांतही ते आढळते. पानांची मेंदी कधीच काळी नसते. तिच्यातले लॉसोन केसांतल्या प्रथिनाला धरून बसते, म्हणून ती टिकते. बीटाचा रंग पाण्यात विरघळणारा, दोन-तीन धुण्यांत निरोप घेणारा.

पॅराफिनिलीनडायअमीन हे अनिलीनच्या कुळातले. आपली 'नीळ' अरबीतून पोर्तुगिजांकडे गेली, तिथे 'अनिल' झाली, आणि निळीपासून काढलेल्या द्रव्याला युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी अनिलीन नाव दिले. १८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन क्विनीन बनवायला गेला आणि त्याच अनिलीनमधून त्याच्या हाती जांभळा रंग लागला. कृत्रिम रंगांचा कारखानदारी धंदा तिथून सुरू झाला. शब्द असा सगळे जग फिरून माझ्या पापण्यांवर परत आला. व्युत्पत्तीचा एवढा प्रत्यक्ष अनुभव मला तरी पुन्हा नको.

त्या आठवड्यात घरात बीटाचा विषय निघाला नाही. रविवारी सकाळी आईच म्हणाली, "ते बीट उरलंय का गं?" मुलीने आधी आजीच्या कानामागे थेंबभर रस लावून पाहिला, जुनी साडी खांद्यावर पांघरली, आणि मग मानेपासून वरपर्यंत रस चोळला. मी पेपर वाचत होतो, असे म्हणायचे. धुतल्यावर केस एकसारखे रंगले नव्हते. कानाजवळ गर्द, भांगात फिके, शेंड्यांना नुसती छटा. आई पायरीवर उन्हात बसली. मला काहीतरी बोलायचे होते. वडिलांचे वाक्य माझ्या तोंडी शोभले नसते, आणि दुसरे सुचले नाही.

समोरच्या वहिनी भाजी घेऊन परतत होत्या. फाटकाशी थांबल्या. "अगं बाई काकू, हे काय? नातीनं रंगवले वाटतं तुमचे केस?"

सुटायला वाट आयती मिळाली होती. कर्ता समोरच्याने स्वतः पुरवला होता. नुसते 'हो ना' म्हटले असते तरी चालले असते. आईने ओले केस पाठीवरून पुढे घेतले.

"तिनं रंगवले नाहीत," ती म्हणाली. "मी रंगवून घेतले."