ओम्नीतला टेप आणि आबांची भजनं

आमच्या ओम्नीतला कॅसेटचा टेप मी काढू दिला नाही, त्याला कारण आबांची भजनं. उजनी धरण 1980 साली पुरं झालं. भीमेकाठचं आमचं जुनं गाव त्याच्या यशवंतसागर जलाशयाच्या पोटात गेलं आणि करमाळा तालुक्यात वर माळावर नवं गावठाण बसलं. भजनी मंडळ मात्र तेच राहिलं. पुढं कुणीतरी टेपरेकॉर्डर आणला आणि एकादशीच्या जागरातले अभंग कॅसेटवर उतरले. मागं टाळ, पखवाज, मधूनच देवळातली घंटा. त्यातली बहुतेक माणसं आता नाहीत. आबाही नाहीत.

कॅसेटला पावसाळ्यात बुरशी धरते, फीत ताणली की आवाज लांबतो. म्हणून ती भजनं मी एका छोट्या एमपीथ्री प्लेअरमध्ये उतरवून घेतली. पण कानात बोंडं घालून ऐकणं आईला जमेना. जेऊरला, कुर्डुवाडीला दवाखान्यात जाताना ती गाडीत मोठ्यानं लागावीत, एवढीच तिची इच्छा.

टेंभुर्णीत डेक बसवणारा म्हणाला, “दादा, हा डबा काढा. ब्लूटूथवाला बसवतो, पेनड्राईव्हमध्ये गाणीपण भरून देतो.” सल्ला चांगल्या मनानं दिलेला होता. पण टेप गेला असता, तर मूळ कॅसेट वाजवणारं घरातलं शेवटचं यंत्रही गेलं असतं.

आधी लायटरच्या सॉकेटात बसणारा एफएम ट्रान्समीटर लावून पाहिला. 88 ते 108 मेगाहर्ट्झमधल्या एखाद्या मोकळ्या जागी तो प्लेअरचा आवाज सोडतो आणि गाडीचा रेडिओ तो धरतो. बॅकवॉटरच्या काठाला, केत्तूर-कुगावकडं, आवाज स्वच्छ यायचा. हायवेला लागून सोलापूर जवळ आलं की त्याच जागेवर दुसरं केंद्र चढायचं आणि ऐन गवळणीत जाहिरात घुसायची. आईला ते सहन होत नसे, मलाही नाही.

शेवटी सोलापुरातून कॅसेट अ‍ॅडाप्टर आणला. दिसायला कॅसेटच, फक्त फितीच्या जागी आत एक छोटं हेड. त्याची वायर 3.5 मिलिमीटरच्या पिननं प्लेअरला जोडायची. टेपचं हेड एरवी सरकत्या फितीवरचं बदलतं चुंबकत्व वाचतं. अ‍ॅडाप्टरचं हेड तसंच बदलतं चुंबकत्व फितीशिवाय त्याच्यापुढं उभं करतं. जुन्या यंत्राची एकही वायर न कापता नवं त्याला जोडून देणारी ही युक्ती मला फार मोलाची वाटते.

त्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपून धरण मायनसमध्ये गेलं होतं. पाणी खूप आत सरलेलं, पलीकडं पळसदेवचं देऊळ उघडं पडलेलं. आमच्या जुन्या गावाच्या अंगाला गाडी उभी केली आणि आबांचा अभंग लावला. आई भेगाळलेल्या गाळाकडं बोट करून सांगत राहिली, “इथं वेस होती बघ. त्या दगडाच्या अंगाला पार. तुझा आबा तिथंच बसून म्हणायचा.” अभंग संपला तरी तिचं सांगणं चालूच होतं.

कुणाला असं करायचं असेल तर थोडं सांगतो. आधी टेपचं हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसा. आमच्याकडं ऊसतोडीच्या हंगामात रस्त्याची धूळ थेट आत जाऊन बसते. प्लेअरचा आवाज पाऊणपर्यंत ठेवा, बाकीचा टेपवर वाढवा. प्लेअर पूर्ण वाढवला तर आवाज फाटतो, फार कमी ठेवला तर खरखर वर येते. टेप ऑटो-रिव्हर्स असेल तर आत दातेरी चाकं असलेलाच अ‍ॅडाप्टर घ्या. चक्र्यांची हालचाल बरोबर मिळाली नाही, की कॅसेट संपली असं धरून टेप सारखी बाजू बदलतो. आणि प्लेअर गाडीतच चार्जिंगला लावला, तर इंजिनाबरोबर चढणारी बारीक शिट्टी ऐकू येते, कारण ग्राउंड दोन वाटांनी जोडला जातो. मी तो घरूनच चार्ज करून नेतो. ज्यांना ते जमत नाही त्यांनी मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर जोडावा.

धरणाकाठच्या प्रत्येक उठलेल्या गावात, कुणाच्या ट्रंकेत नाहीतर देवळाच्या कपाटात, अशा कॅसेट पडून असतील. त्या शोधा. वाजता टेप भंगारात घालण्याआधी त्याच्यावरच त्या उतरवून घ्या आणि एक प्रत मंडळातल्या पोरांकडं देऊन ठेवा.