ओट्याखालची कपाटं

बडोद्यात तळमजल्यावर राहणाऱ्यांना ऑगस्ट २०२४ची आठवण करून द्यायला नको. विश्वामित्रीचं पाणी आमच्या घरात गुडघाभर शिरलं. ते ओसरल्यावर कडप्प्याचा ओटा आणि पितळेचे डबे धुऊन-पुसून पुन्हा कामाला लागले. ओट्याखालची तयार कपाटं मात्र गेली. ती पार्टिकल बोर्डची होती. लाकडाचा भुगा गोंदात दाबून केलेला हा बोर्ड पाणी प्यायला की फुगतो आणि वाळला तरी मूळ जाडीवर येत नाही.

घर विकून वरच्या मजल्यावर फ्लॅट घ्यावा, असं दादाचं मत पडलं. आई म्हणाली, "आजोबांनी बांधलेलं घर आहे. मी कुठेही जाणार नाही." तिचे गुडघे दुखतात आणि दिवसाचा निम्मा वेळ स्वयंपाकघरात जातो. तिला इथे राहायचं असेल, तर आधी तेच नीट करायला हवं होतं. म्हणून कपाटं मीच करायला घेतली. तोवर माझं सुतारकाम पडद्याचे रॉड लावण्यापुरतं होतं.

तयार कपाटं साधारण ठरावीक रुंदीची मिळतात. आमच्या ओट्याखालचे तीन कप्पे भरले ५८०, ५७२ आणि ५९१ मिलिमीटर. जुन्या घरातल्या भिंती ओळंब्यात नसतात, फरशीलाही मोरीकडे उतार असतो. म्हणून प्रत्येक कप्प्याची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजली आणि सर्वांत कमी आलेलं माप धरलं.

पुढचं काम कागदावरचं. कप्पा ५८०चा, तर आत सहज सरकण्यासाठी डबा ५७५चा. दोन्ही बाजूंच्या १८ मिलिमीटर प्लायचे ३६ वजा केले की आत उरतात ५३९. ड्रॉवरच्या टेलिस्कोपिक चॅनलला दोन्हीकडे मिळून २६ सोडायचे, म्हणजे ड्रॉवर ५१३चा. ओळखीच्या मिस्त्रीकाकांनी यादी पाहिली आणि विचारलं, "करवतीचं सूत धरलंस का?" इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, साधारण तीन मिलिमीटर. प्रत्येक कापात करवत तेवढं लाकूड खाते. आठ बाय चारच्या शीटवर एका रांगेत पाच तुकडे बसवायचे तर तो भुसाही हिशेबात हवा. कापकाम प्लायच्या दुकानातल्या मोठ्या मशीनवर करून घेतलं. नवशिक्याने एवढी शीट घरी कापायच्या भानगडीत पडू नये.

प्लाय घेताना शीटवर 'आयएस ७१०' हा शिक्का पाहिला. या प्रतीच्या प्लायचा गोंद ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. साध्या कमर्शियल प्लायचा गोंद ओलाव्याला थोडाफार तोंड देतो, साचलेल्या पाण्याला नाही. कापलेली कड मात्र कुठल्याही प्लायची कच्चीच. ती बंद केल्याशिवाय, विशेषतः तळाची, डबा जागेवर ठेवू नये.

जोडणी सोपी आहे, पण घाईची नाही. स्क्रूच्या आधी बारीक भोक पाडलं नाही, तर प्लायची कड चिरते. डबा उभा राहिला की दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे आले तर डबा काटकोनात आहे. खाली चार इंची प्लॅस्टिकचे पाय लावले. ते फिरवून उंची कमी-जास्त करता येते, त्यामुळे फरशीचा उतार तिथेच जिरतो.

आत काय हवं, हे आईने ठरवलं. तिने सगळे डबे जमिनीवर मांडले आणि मी ते मोजले. कुकर, खलबत्ता, पोळपाट, तांदळाचा मोठा डबा, खाकऱ्याचा डबा आणि त्याला चिकटून मेतकुटाची बरणी. फळ्या नकोत, ड्रॉवरच हवेत, हा तिचा हट्ट. फळीवर मागे गेलेल्या डब्यासाठी गुडघे टेकावे लागतात, ड्रॉवर मात्र सगळं पुढे आणून देतो.

एक गोष्ट मी मुद्दाम केली. डबे भिंतीत ठोकले नाहीत, पुढून दोन-दोन स्क्रूंनी अडकवले आहेत. ड्रॉवर काढला की रिकामा डबा साधारण पंधरा किलोचा, दोघांना ओट्यावर उचलून ठेवता येतो. यंदा पावसाच्या तोंडावर मी आणि दादाने घड्याळ लावून पाहिलं, तिन्ही डबे वर जायला बावीस मिनिटं लागली. पाणी थांबवणं आपल्या हातात नाही, तेवढी बावीस मिनिटं आहेत. दादाने घर विकायचा विषय त्यानंतर काढलेला नाही.

सात रविवार गेले. तुम्हाला करून पाहायचं असेल, तर एकदम अख्खं स्वयंपाकघर उकलू नका. एकच डबा करा, महिनाभर वापरा, मग पुढचा. आणि टेप भिंतीला लावण्याआधी, त्या ओट्यापाशी रोज कोण उभं राहतं ते विचारा.