दीवची दैनंदिनी : लाभपंचमी उलटल्यावर

रविवार, वांद्रे टर्मिनस

बेट कोणतं ते मागच्या भागातच ठरलं होतं. तारखा ठरायला मात्र दिवाळीचा फराळ संपावा लागला. ताईचं म्हणणं होतं की मुलांना सुट्टी आहे तर दिवाळीतच जाऊ या. मी दीवच्या एका गेस्टहाउसला फोन लावला. मालकांनी आधी कुठून बोलताय ते विचारलं आणि मग शांतपणे सांगितलं की लाभपंचमीपर्यंत फोनच करू नका. गुजरातेतला व्यापारी दिवाळीला दुकान बंद करतो ते लाभपंचमीला मुहूर्त करून उघडतो. मधल्या दिवसांत सुरत, राजकोट, अहमदाबाद सगळं रस्त्यावर. त्यात गुजरातेत दारूबंदी आणि दीव केंद्रशासित, म्हणजे हद्द ओलांडली की बंदी संपली. हजार-बाराशेची खोली त्या आठवड्यात तिप्पट भावानेही मिळत नाही.

असाच दुसरा लोंढा श्रावणात सातम-आठमला येतो. आपल्याकडे गोकुळाष्टमीला दहीहंडी, तर सौराष्ट्रात जत्रा आणि सहली. तिसरा लोंढा एकतीस डिसेंबरचा. शिवाय दर शनिवारी-रविवारी धाकटी आवृत्ती असतेच. तेव्हा दीवला जायचं तर हवामान खात्याच्या आधी गुजराती पंचांग उघडावं. आम्ही डिसेंबरचा दुसरा आठवडा धरला, तोही सोमवार ते शुक्रवार.

एका कुटुंबात तीन खिसे असल्यामुळे प्रवासही तीन तऱ्हांचा. ताई आणि भाऊजी उद्या मुंबईहून विमानाने येणार. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, नोकरीला नुकताच लागलाय आणि आईबापाचा पैसा घेणार नाही म्हणतो. तो बोरिवलीहून स्लीपर बसने काल रात्रीच निघाला. मी आणि हे रेल्वेवाले. वेरावळची थेट गाडी दुपारी वांद्र्याहून सुटते आणि सकाळी पोचवते. खालचा बर्थ, घरचे दशमी-धपाटे आणि सोबत सुरतेपर्यंत गप्पा मारणाऱ्या एक मावशी.

सोमवार, वेरावळ ते दीव

वेरावळला उतरल्याबरोबर मासळीचा वास नाकात शिरतो. बंदर मोठं आहे. इथून दीव नव्वदेक किलोमीटर, कोडीनार आणि ऊनामार्गे. एसटीने गेलं तर ऊनाला बदलावी लागते, पण पैसे किरकोळ. आम्ही तेच केलं. वाटेत ऊस, केसर आंब्याच्या बागा, मग रस्ता सपाट होत जातो आणि हवेत खारेपणा येतो. घोघला हे गाव दीवचंच, पण मुख्य भूमीवर. तिथून पूल ओलांडला की बेट.

विमानवाले आमच्याआधी पोचून नागव्याच्या रिसॉर्टमध्ये आंघोळ करून बसले होते. ज्यांना अशा प्रवासात दिवस घालवायचा नाही किंवा गुडघे बोलतात, त्यांनी विमानच घ्यावं. विमानं छोटी आहेत आणि वेळापत्रक मोसमागणिक बदलतं, म्हणून तिकीट काढल्यावरच खोली पक्की करावी, आधी नाही. भाच्याने शहरात डॉर्मिटरीतला पलंग धरला होता. आमची खोली जुन्या गावात, लाकडी जिना, रंगीत खिडक्या, वर गच्ची. नागवा इथून सातेक किलोमीटर. समुद्रात डुंबणं हाच ज्यांचा कार्यक्रम आहे त्यांनी तिकडे राहावं. गल्ल्या, बाजार, किल्ला पायी करायचा असेल तर गावात. गावातली खोली स्वस्त पडते हा वर फायदा.

संध्याकाळी सगळे बंदरावर जमलो. समोर खाडीच्या तोंडाशी पाण्यात पाणीकोठा उभा आहे, जहाजाच्या आकाराचा बुरूज. तिन्ही खिशांनी तो एकाच कठड्यावर बसून, फुकट पाहिला.

मंगळवार, किल्ला

आज दिवसभर किल्ल्यातच गेला आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

तीन बाजूंना समुद्र, चौथीकडे खडकात खोदलेला खंदक. आत तोफा अजून समुद्राकडे तोंड करून पडल्यात. वसईचा किल्ला पाहिलेल्या माणसाला इथे ओळखीचं काही भेटल्यासारखं होतं, आणि ते खरंही आहे. गुजरातचा सुलतान बहादुरशहा हुमायूनच्या स्वारीने कोंडीत सापडला तेव्हा त्याने पोर्तुगीजांना 1534 मध्ये वसई देऊन टाकली आणि 1535 मध्ये दीवला किल्ला बांधायची परवानगी दिली. दोन वर्षांत त्याला पस्तावा झाला. बोलणी करायला पोर्तुगीज जहाजावर गेलेला सुलतान दीवच्याच पाण्यात मारला गेला. वसई 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी घेतली. दीव मात्र पोर्तुगीजांकडे 1961 च्या डिसेंबरपर्यंत राहिलं.

भाचा म्हणाला, एवढ्याशा बेटासाठी एवढी मारामारी कशाला? उत्तर खंबायतच्या आखातात आहे. मक्का, होर्मुझ, एडनकडे जाणारा गुजरातचा कापडाचा व्यापार याच दारातून जायचा. 1509 मध्ये इथे समुद्रावर पोर्तुगीजांनी इजिप्तच्या मामलूकांचं आणि गुजरात-कालिकतचं आरमार मोडलं, त्यानंतर 1538 आणि 1546 मध्ये किल्ल्याला दोन मोठे वेढे पडले. दुसऱ्या वेढ्यानंतर गव्हर्नर जुआंव द कास्त्रोकडे पडलेली तटबंदी बांधायला पैसे नव्हते. वेढ्यात मेलेल्या मुलाच्या अस्थी तारण म्हणून गोव्याला पाठवाव्यात, तर देह अजून मातीत विरला नव्हता. म्हणून त्याने स्वतःच्या दाढीचे केस गोव्याच्या नगरसभेकडे गहाण धाडले. गोव्याने पैसे पाठवले आणि केसही परत केले. भाऊजी बँकेतून निवृत्त झालेत. त्यांनी हे कर्ज कुठल्या सदरात बसेल यावर बराच विचार केला.

किल्ल्यात ऊन लागतं. सकाळी लवकर या, पाणी बरोबर ठेवा, टोपी ठेवा. एप्रिल-मे मध्ये वारा असला तरी दुपारी दगड तापतात. तेव्हा आलात तर किल्ला सकाळी आणि सेंट पॉल चर्च भर दुपारी. चर्च सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं, आतलं लाकडी काम जुन्या गोव्याची आठवण देणारं, आणि मुख्य म्हणजे थंडगार.

बुधवार, नागवा आणि वणाकबारा

बेट टोकाला टोक जेमतेम बारा-चौदा किलोमीटर आणि सपाट. भाच्याने सायकल घेतली, आम्ही दोघांनी भाड्याची स्कूटर, ताई-भाऊजींनी दिवसभरासाठी रिक्षा ठरवली. सगळे एकाच वेळी निघालो. नागव्याला पोचण्यात अंतर पडलं ते फार तर एका शहाळ्याचं.

नागव्याची पुळण नालेच्या आकाराची, पाणी उथळ. मागे ताडाची झाडं, पण फांद्या फुटलेली. एका बुंध्याचे दोन, दोनांचे चार. इथे त्यांना होका म्हणतात आणि पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून आणली असंही सांगतात. गर्दी नको असेल तर घोघल्याचा किनारा बरा, लांबलचक आणि राखलेला. त्याला 2020 मध्ये ब्लू फ्लॅग मानांकन मिळालं. पाण्यातले खेळ, पॅराशूट वगैरे दोन्हीकडे आहेत. ताईने मुलाला पॅराशूटचे पैसे देऊ केले. त्याने नाही म्हटलं आणि ताई स्वतः उडून आली.

दुपारी वणाकबारा. पश्चिम टोकावरचं कोळ्यांचं गाव. होड्या रंगवलेल्या, जाळी विणणारे म्हातारे, दोऱ्यांवर सुकत घातलेली मासळी. वर्सोव्याची बाई इथे आली तर फक्त भाषा बदलल्यासारखी वाटेल. पण गावात जाताना एक गोष्ट नजरेत भरते. तीन-तीन मजल्यांचे नवेकोरे बंगले आणि दाराला कुलूप. 1961 पूर्वी दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. गोव्याच्या वाचकांना हे सांगायला नकोच. त्या पासपोर्टवर अनेक कुटुंबं इंग्लंडला गेली, लेस्टरला मोठी वस्ती आहे. त्याआधीची पिढी मोझांबिकला जायची. डिसेंबर-जानेवारीत ही मंडळी लग्नकार्यांसाठी घरी येतात. गावातल्या खोल्या, गाड्या, केटरर तेव्हा लग्नांना आधी बांधलेले असतात. आम्हाला रात्री वरातीच्या डीजेने बारा वाजेपर्यंत जागं ठेवलं ते याच हिशेबात.

जेवण गावातल्या साध्या खानावळीत. तळलेलं पापलेट आणि बाजूच्या टेबलावर चोख शाकाहारी काठियावाडी थाळी, शेव-टमेटाची भाजी आणि ताक. शाकाहारी माणसाचे इथे अजिबात हाल नाहीत, उलट मासे खाणाऱ्यालाच चार ठिकाणी विचारावं लागतं.

गुरुवार, फुदम

सकाळी फुदमचं गंगेश्वर. खडकाच्या कपारीत पाच शिवलिंगं, भरतीला लाटा वर येऊन अभिषेक करून जातात. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, म्हणून कालच्या माणसाने सांगितलेली वेळ आज चालत नाही. खोलीच्या मालकांना विचारून निघावं. नायडाच्या गुहा तिथून जवळ. किल्ल्यासाठी दगड काढून काढून झालेली पोकळी, वरून झाडांची मुळं लोंबतात आणि उन्हाचे कवडसे पडतात. भाच्याच्या पिढीला फोटोसाठी याहून चांगली जागा नाही. तो तासभर हलला नाही.

चक्रतीर्थाजवळ आयएनएस खुकरीचं स्मारक आहे. 9 डिसेंबर 1971 ला पाकिस्तानच्या हँगोर पाणबुडीने दीवजवळच्या समुद्रात ही नौका बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला माणसांना बाहेर काढत राहिले आणि स्वतः जहाजावरच थांबले. भाऊजी इथे काही बोलले नाहीत, आम्हीही नाही.

संध्याकाळी मालकांबरोबर गच्चीवर चहा. पावसाळ्यात यावं का, हे मला वाचकांसाठी हवंच होतं. ते म्हणाले, या, पण काय मिळणार नाही ते समजून या. समुद्रात उतरायला बंदी, पाण्यातले खेळ बंद, जून-जुलैत मासेमारी बंद, म्हणजे ताटात बर्फातली मासळी. पाऊस मात्र कोकणासारखा कोंडून ठेवणारा नाही, रत्नागिरीच्या पाव हिश्श्याइतकाही पडत नाही. किल्ला हिरवा होतो, लाटा तटावर आदळतात आणि सातम-आठमचे दिवस सोडले तर खोलीचा भाव तुम्ही सांगाल तो. चार दिवस वाचत पडायचं असेल तर माझ्या मते हाच मोसम. लहान मुलं बरोबर असतील तर नाही. किनाऱ्यावर नेऊन त्यांना पाण्यापासून लांब ठेवणं ही शिक्षा नक्की कोणाला, ते आईबापांना विचारा.

शुक्रवार, निघताना

भाच्याने न्याहारीला हिशेब मांडला. आईबापांच्या दोघांच्या खर्चात त्याच्यासारखे सहाजण येऊन गेले असते आणि आम्ही दोघं कुठेतरी मध्ये. फरक सगळा तिकिटात आणि पलंगात. किल्ला, गुहा, देऊळ, किनारा यांचे आकडे तिन्ही रकान्यांत जवळजवळ सारखे निघाले.

भाऊजींना हे पटलं नाही. त्यांनी आणखी दोन रात्री राहायचं काढलं आणि रिसॉर्टला फोन केला. शुक्रवार-शनिवारचा भाव ऐकून त्यांनी फोन ताईकडे दिला. तोवर घोघल्याच्या पुलावरून राजकोटच्या नंबरच्या गाड्या आत यायला लागल्याच होत्या. भाचा म्हणाला, माझ्या डॉर्मिटरीत खालचे दोन पलंग रिकामे आहेत, विचारू का?

ताईने बॅग भरली. सगळे ऊनाच्या बसमध्ये बसलो. तपासणी नाक्यावर पोलिसांनी सगळ्यांच्या पिशव्या पाहिल्या, भाऊजींची जरा जास्तच. आज रात्रीचा मुक्काम सोमनाथला. त्याविषयी पुढच्या भागात.