अब्बांच्या नावातला 'म'

अब्बांच्या इंतिकालानंतर आम्ही भावंडांनी मृत्यूच्या दाखल्यासाठी 'आपले सरकार' पोर्टलवर अर्ज केला. गावातल्याच सेवा केंद्रात दहा मिनिटांत काम झालं, पावतीवर अर्ज क्रमांकही मिळाला. याच ग्रामपंचायतीत एका दाखल्यासाठी अब्बा सायकलवरून चार-चार खेपा घालत. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने आता मुदत बांधली आहे. मुदतीत दाखला द्यायचा, नाहीतर नकाराचं कारण लेखी कळवायचं. त्यावर ३० दिवसांत अपील करता येतं, आणि सबळ कारण नसताना टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडही होऊ शकतो. आम्ही खूश होतो.

दाखला वेळेत आला. त्यावर नाव होतं 'महमद'. आधारवर 'मोहम्मद', नोकरीच्या कागदांत 'मोहंमद'. अम्मीचं कुटुंब निवृत्तिवेतन तिथेच अडलं. जुने ग्रामसेवक आमची नावं ऐकूनच माणूस ओळखायचे. कॉम्प्युटर फक्त अक्षरं जुळवतो. (शेख, शैख आणि शेक एकाच घरात किती ठिकाणी नांदतात, आपापल्या कपाटातले कागद काढून बघा.)

पोर्टलवर आमचा अर्ज मात्र 'निकाली' दिसत होता. दाखला दिला, म्हणजे त्यांच्या हिशेबी काम संपलं! कार्यालयात सांगितलं, "नोंद बदलता येत नाही, कोर्टात जा." दोन महिने अम्मीचं घर आमच्या पगारातून चाललं. तिला ते आवडत नव्हतं. भाजीचे पैसेसुद्धा ती वहीत लिहून ठेवायची.

शेवटी आमच्या भाचीने मोबाइलवर १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा उघडला. कलम १५ प्रमाणे मूळ नोंद खोडायची नसते. चूक पटली की निबंधकाने समासात दुरुस्ती लिहून सही करायची, तारीख घालायची. कोर्टाचा प्रश्नच नव्हता. आम्ही साध्या कागदावर अर्ज लिहिला, आधार आणि नोकरीच्या कागदांच्या प्रती जोडल्या, पोच घेतली. दुरुस्त दाखला मिळाला.

गेल्या महिन्यात घरात बाळ आलं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचाच दाखला लागतो. नोंदणीला निघताना अम्मीने बाळाचं नाव मराठीत आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून हातात दिलं. बटण दाबायच्या आधी पडद्यावरचं एकेक अक्षर तिने फोनवरून आमच्याकडून वाचून घेतलं. दोनदा.