पोच्याचा ताळेबंद

जगात दोन प्रकारचे लोक असतात. एक, ज्यांच्याकडे मोटार आहे ते. आणि दुसरे, ज्यांना मोटारीतले सगळे कळते ते. दुसऱ्या प्रकारच्या लोकांकडे बहुधा सायकलही नसते. एरवी ही विभागणी ध्यानात येत नाही. पण मोटारीला एखादा पोचा पडू द्या, की हा दुसरा वर्ग कुठूनसा उगवतो, पोच्यावरून हात फिरवतो आणि म्हणतो, ‘‘ही आता भंगारातच.’’

आमची मोटार म्हणजे २००५ सालची पांढरी मारुती ८००. हिच्या घराण्यातली पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये कंपनीने हा वंशच थांबवला. आमच्या गाडीची पंधरा वर्षे २०२० साली भरली. तेव्हा आरटीओने तिला पाच वर्षांची मुदतवाढ दिली, पुढे आणखी एकदा दिली. आमच्या बँकेत एवढी मुदतवाढ फक्त मोठ्या कर्जदारांना मिळते.

गळीत हंगाम चालू होता. नळदुर्गातून जाणारा सोलापूर-हैदराबाद रस्ता त्या दिवसांत माणसांचा नसतो, उसाचा असतो. मी बँकेत काउंटरवर एका आजोबांना पैसे काढायची स्लिप भरून देत होतो. गाडी बाहेर आपल्या जागेवर, सावलीला, कुणाच्या अध्यात ना मध्यात उभी होती. एक ट्रॅक्टर वळला, मागच्या ट्रॉलीचे शेपूट फिरले आणि गाडीच्या उजव्या गालावर बसले. मी बाहेर येईपर्यंत ट्रॅक्टर गेला होता. मागे चार कांड्या ऊस पडला होता. तोही लोकांनी पंचनाम्याआधीच खाऊन टाकला.

उजवे मडगार्ड चेपून आपल्या किल्ल्यातल्या नवबुरुजासारखे दिसू लागले होते. फरक एवढाच, की नवबुरुजाच्या पाकळ्या बाहेर आहेत, माझ्या आत गेल्या होत्या. हेडलाइट फुटला, बंपर उभा चिरला, बोनेटचा कोपरा वर आला.

‘‘विमा असेलच की!’’ असे प्रत्येक जण म्हणाला. होता, पण थर्ड पार्टी. म्हणजे माझ्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान केले तर कंपनी बघणार, माझ्या पत्र्याचे मी बघायचे. ट्रॅक्टरच्या विम्याकडून वसूल करायचे तर दावा न्यायाधिकरणापुढे. आणि त्यासाठी आधी ट्रॅक्टर सापडायला हवा. ट्रॉलीला नंबर नव्हता, होता तो फक्त ‘आईचा आशीर्वाद’. बरे, पूर्ण विमा असता तरी दहा वर्षांपुढच्या गाडीच्या लोखंडी भागांतून घसाऱ्यापोटी निम्मे कापतात, प्लॅस्टिकमधूनही निम्मे कापतात आणि वर आपला नो-क्लेम बोनस जातो तो वेगळाच.

सोलापूरच्या एका वर्कशॉपने एस्टिमेट दिले : ३१,४०० रुपये. छापील होते, त्यामुळे जास्तच खरे वाटले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. रात्री कागद घेऊन बसलो. गाडीची मूळ किंमत सोयीसाठी दोन लाख धरली, दरसाल १५ टक्के घसारा, घटत्या शिल्लक पद्धतीने वीस वर्षे. उत्तर आले ७,७५२ रुपये. या पद्धतीची गंमत अशी, की किंमत कधीच शून्य होत नाही. मालमत्ता मरते, पण खात्यावर थोडी जिवंत राहते.

‘‘साडेसात हजारांच्या वस्तूला एकतीस हजारांची दुरुस्ती?’’ मी सौ.ला विचारले.

‘‘आणि अण्णांना सोलापूरला कशावर नेणार? त्या घसाऱ्यावर?’’ ती म्हणाली.

खरी अडचण तीच होती. अण्णांना काचबिंदू आहे. या दुखण्यात गेलेली नजर परत येत नाही. आहे ती राखायची, डोळ्यातला दाब वेळच्या वेळी तपासायचा. गुडघ्यांमुळे एस.टी.ची पायरी त्यांना चढवत नाही. या गाडीच्या पुढच्या सीटवर मात्र ते आधी बसतात, मग एकेक पाय आत घेतात. गाडी मोडल्यावर एक तारीख चुकली. दुसरी जवळ आली तेव्हा अण्णा म्हणाले, ‘‘जाऊ दे रे. पंचाहत्तरीला आलो, आता काय बघायचं राहिलंय?’’ हे वाक्य एकतीस हजारांपेक्षा महाग होते.

सौ.ने बजेट मंजूर केले : आठ हजार. वर पैसा नाही.

हमरस्त्याला एका मिस्त्रीचे पत्र्याचे शेड आहे. त्याने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, ‘‘सायेब, पत्रा मेला न्हाई. निस्ता रुसलाय.’’

आधी त्याने सुतळी काढली. बोनेट उघडून आतल्या सांगाड्याच्या चार टोकांवर तिरपी धरून दोन मापे घेतली. ‘‘गुर्जींनीच शिकिवलंय की. दोन्ही कर्ण सारखे, तर चौकोन सरळ. आतला सांगाडा वाकला असता तर मीच म्हनलो असतो, इका.’’ अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवत. वर्गात कर्ण सापडत नाही म्हणून बाकावर उभे राहणाऱ्याला तो तीस वर्षांनी मारुतीत सापडला होता.

मग रुसवा काढणे सुरू झाले. पोचा मधोमध ठोकायचा नसतो, हे मला तिथे कळले. आतून डॉली धरायची आणि बाहेरून हलक्या हातोडीने कडेकडेने आत यायचे. जो भाग शेवटी चेपला, तो आधी सोडवायचा. ताणून फुगलेल्या जागी गॅसने लाल ठिपका द्यायचा, चार टोले घालायचे आणि ओले फडके लावायचे. पत्रा चर्रकन आक्रसतो. ‘‘लांबी कमी लावायची. जाड लांबी म्हंजे उधारी. पुढच्या उन्हाळ्यात पोपडा निगतोच.’’ हे वाक्य आमच्या कर्जविभागात फ्रेम करून लावण्यासारखे आहे.

चिरलेला बंपर त्याने तापल्या सळईने जोडला आणि मागून बारीक तारेचे टाके घातले. हेडलाइट भंगारवाल्याकडून जुना आणला. बोनेटच्या लॉकावर मात्र तो अडून बसला. ‘‘हे नवंच. रंगात काटकसर करा, लॉकात नको. हायवेला बोनेट उघडून काचेवर आलं, तर मग समदीच काटकसर.’’

रंगाचा दिवस लागला. मला वाटे, पांढरा म्हणजे पांढरा. पण वीस वर्षे नळदुर्गचे ऊन खाल्लेला पांढरा हा वेगळा रंग आहे. पांढऱ्यात तो पिवळ्याचे थेंब सोडी, सुईच्या टोकाएवढे काळे मिसळी, पत्र्याला बोट लावून उन्हात नेई आणि पुन्हा परत येई. लग्नाला मुलगी दाखवतानाही एवढे उजेडा-अंधारात बघत नाहीत.

हिशेब असा : ठोकाठोकी २,५००, हेडलाइट ७००, बंपर ४००, लॉक ६५०, रंग ३,२००, व्हील अलाइनमेंट ४००, एकूण ७,८५०. शिवाय मिस्त्री, पोरगा आणि मोटारीतले सगळे कळणारे तज्ज्ञ यांचा चहा २४०. म्हणजे ८,०९०. सौ.ने नव्वद रुपयांचा ओव्हरड्राफ्ट तज्ज्ञांच्या खाती टाकून मंजूर केला. तेच तज्ज्ञ आता सांगतात, ‘‘आम्ही म्हणालोच होतो, गाडी होईल म्हणून.’’

तारखेच्या दिवशी सकाळी मिस्त्री स्वतः गाडी दारात घेऊन आला. साऱ्या गल्लीने पाहिली. कुणालाही जोड ओळखता येईना. अण्णा काठी टेकत बाहेर आले. गाडीला डावीकडून उजवीकडे न्याहाळले, चष्मा काढून पुसला, पुन्हा न्याहाळले आणि म्हणाले, ‘‘हा उजवा गाल जरासा जास्त गोरा आहे रे.’’

मिस्त्रीचा चेहरा पडला. माझा मात्र खुलला. मी पुढचे दार उघडून धरले, आणि अण्णा आधी बसले, मग एकेक पाय आत घेतला.

‘‘दोन उन्हाळं जाऊ द्या गुर्जी, सारखा हुईल,’’ मिस्त्री खिडकीशी वाकून म्हणाला.

‘‘बघू की,’’ अण्णा म्हणाले.